भिंतीत सोडलेली तार

त्या घराची मागची खिडकी तीन वर्षं मिटली नव्हती. तिला मिटायचं नव्हतं असं नाही. तिच्या फटीतून एक काळी वायर बाहेर गेली होती, आणि वायर दातांत धरून कुणाला तोंड मिटता येतं का? तर तशी ती खिडकी, तीन वर्षं आ वासून उभी. फटीतून डास यायचे, पाली यायच्या, एकदा तर मांजरीचं अख्खं पिल्लू आलं आणि रचनाच्या भूगोलाच्या पुस्तकावर, बरोबर हिमालयावर, झोपून गेलं. शेजारच्या विमलाबाईंच्या टीव्हीवरची सून रोज संध्याकाळी त्या फटीतून यांच्या घरात येऊन रडायची. सोय एकच होती. विमलाबाई चटणीची नाहीतर भाजीची वाटी त्याच फटीतून आत सरकवायच्या, आणि वाटी धुऊन, त्यात काहीतरी घालून, तिथूनच परत जायची.

घर डोंबिवलीतलं, कारखान्यांच्या अलीकडच्या बैठ्या घरांच्या रांगेतलं. मागे सगळ्यांचं मिळून एकच अंगण, आणि त्या अंगणात, घराच्या भिंतीपासून चार पावलांवर, रचनाच्या मम्मीची पत्र्याची शेड. काळी वायर जायची ती तिथेच. शेडमध्ये मम्मीचं मोटरवालं शिलाई मशीन होतं, एक पंखा होता, एक बल्ब होता, आणि सोमवारपासून तिथे मम्मीचा, म्हणजे नीलाताईंचा, शिवणक्लास सुरू होणार होता. नऊ बायकांनी नावं दिली होती. एकीने तर कात्रीसुद्धा नवी घेतली होती.

पण गेल्या पावसाळ्यात एकदा त्या वायरीवरून पाणी ओघळत मशीनपर्यंत आलं होतं आणि मम्मीला झटका बसला होता. झटका लहान, पण मम्मीने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "मी एकटी होते, निभावलं. क्लासच्या बायकांना मी या वायरीखाली बसवणार नाही. वायर भिंतीतून नीट गेली तर क्लास. नाहीतर नऊ जणींना नाही म्हणून सांगते."

आता मे महिना संपत आला होता आणि वायर होती तिथेच लोंबत होती, कारण राजरत्नकाका.

राजरत्नकाका वर्तकनगरला राहायचा. वायरमन एक नंबर, शब्दाला मात्र परवाचा. त्याचा 'परवा' कधी उगवायचाच नाही. शनिवारी रात्री त्याचा फोन आला. रचनाने स्पीकरवर टाकला.

"वहिनी, सोमवारी पहाटे मी नाशिकच्या साइटवर चाललो. पंधरा दिवस. उद्या पाच वाजता येतो आणि फक्त जोडणी करून देतो. भिंत फोडायला मला टाइम नाही. भोक, पाइप, वायर, सगळं रेडी ठेवा."

"रेडी कोण ठेवणार? हे तर रविवारी पण डेपोत," मम्मी म्हणाली. पप्पा ठाण्यात खोपटच्या डेपोत मेकॅनिक, त्यांना रविवार म्हणजे काय ते कॅलेंडरमध्ये बघूनच माहीत.

"आम्ही ठेवतो!" रचना ओरडली.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि आजोबा!"

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. एक वर्षापूर्वीची रचना असती तर ती असं काही बोलली नसती. तेव्हाची रचना वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची तेसुद्धा शेजारणीला ऐकू जायचं नाही. पण नववीत शाळेत कौशल्याचा तास सुरू झाला आणि हेमा मॅडमनी जिन्याचा दिवा जोडायला दिला, तो एका बटणाने खाली लागतो आणि दुसऱ्याने वर विझतो तसला. अख्ख्या वर्गात रचनाचा पहिला लागला. हेमा मॅडमनी मुलांना, मुलींना, बाजूच्या वर्गाच्या सरांनासुद्धा बोलावून दाखवला. त्या दिवसापासून रचनाची मान जी वर झाली ती झालीच. घरातले सगळे बल्ब तिने पुसले, मिक्सरचा प्लग बदलला, विमलाबाईंची बेल दुरुस्त केली (ती आता दाबल्यावर थांबत नाही, पण वाजते तर). भिंतीतून वायर नेणं म्हणजे काय, फार तर तासाभराचं काम!

आणि आजोबा? कुंडलिक आजोबा म्हणजे राजरत्नकाकाचे उस्ताद. कंपनीत वायरमन होते, आणि ही रांग बांधली तेव्हा अकराच्या अकरा घरांची वायरिंग त्यांनी केलेली. पण चार वर्षांपासून त्यांचे हात थरथरायचे. कपात चहा अर्धाच ओतावा लागायचा. तेव्हापासून त्यांना कुणी कामाला बोलावलं नव्हतं, आणि त्यांनीही पक्कड पेटीत घालून पेटी पलंगाखाली सारली होती.

फोन ठेवल्यावर आजोबा पलंगावरून म्हणाले, "भोक पाडायची गरजच नाही."

"म्हणजे?"

"मी ठेवलंय पाडून. घर बांधताना. म्हटलं, पुढे कधी मागे खोली झाली तर? विटा रचत होते तेव्हाच लोखंडी पाइपाचा तुकडा आरपार बसवला. बाहेरच्या बाजूला जरा उतरता. पुढे वायर ओढून घ्यायला आत ओढतार पण सोडलीय. वरून दोन्हीकडे प्लास्टर."

"कुठे?"

आजोबांनी डोळे मिटले. "मागच्या दाराच्या चौकटीपासून तीन वीत. जमिनीपासून पाच वीत."

मम्मी हळूच रचनाला म्हणाली, "तीस वर्षं होत आली गं त्याला. मामंजींना काल दुपारचं जेवण आठवत नव्हतं."

"काल दुपारी दुधी होता," आजोबा पलंगावरून म्हणाले. "तो मी मुद्दाम विसरलो."

*

रविवारी सकाळी मम्मी क्लाससाठी कापड आणायला बाजारात गेली. रचनाने ओढणी कमरेला बांधली, मेन स्विच खाली केला, टेस्टर लावून दोनदा बघितलं (आजोबांनी तिसऱ्यांदा बघायला लावलं), आणि पेटी पलंगाखालून ओढली. छिन्नी, हातोडा, पक्कड, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं.

"वाह आजोबा, हे तर दागिन्यांसारखं ठेवलंय!"

"मग काय. दागिने असते तर तुझ्या पप्पांनी विकले असते. कर सुरू."

रचनाने चौकटीला अंगठा टेकवला, करंगळी ताणली. एक वीत, दोन वीत, तीन. तिथे पेन्सिलची रेघ. मग जमिनीपासून पाच. जिथे दोन रेघा भेटल्या तिथे फुली. आजोबा खुर्चीवर बसून बघत होते, म्हणजे बघत होते असं त्यांना वाटत होतं. मोतिबिंदू एका डोळ्याचा काढलाय, दुसऱ्याचा रांगेत आहे.

ठाक! ठाक! प्लास्टरचा टवका उडाला. आत वीट. लाल, भरीव, ढिम्म वीट.

"जरा डावीकडे असेल," आजोबा म्हणाले.

डावीकडे वीट. उजवीकडे वीट. वर वीट, खाली वीट. तासाभरात भिंतीवर जेवणाच्या ताटाएवढं गोल खरवडून झालं, रचनाचे केस पांढरे झाले, आणि पाइपाचा पत्ता नाही.

मागच्या खिडकीच्या फटीत विमलाबाईंचा एक डोळा आला. "काय गं रचना, खजिना आहे का? निघाला तर निम्मा माझा, भिंत बाहेरून मीच बघते रोज."

"खजिनाच आहे काकू! आजोबांनी पाइप पुरलाय!"

"बरं. पण धूळ बाहेर उडवू नकोस, माझ्या कुरडया वाळतायत इथे."

तेवढ्यात मम्मी आली. हातात दोन पिशव्या, आणि समोर ती भिंत. पिशव्या तिने फार सावकाश खाली ठेवल्या. मम्मी सावकाश झाली की समजायचं.

"हे काय?"

"मम्मी, पाइप इथेच आहे, फक्त..."

"इथेच म्हणजे कुठे? सगळीकडे तर शोधलंस! आता हे बुजवायचं कधी, क्लासला बायका येणार त्या आधी हेच बघणार. मी बोललेली ना, आठवणीच्या भरवशावर भिंत फोडू नका म्हणून?"

ते वाक्य रचनासाठी होतं, पण लागलं दुसरीकडेच. आजोबा खुर्चीवरून उठले. फडकं घेतलं आणि छिन्नी पुसायला लागले. फडकं छिन्नीवर ठरेना.

"नसेल बसवला," ते म्हणाले. "अकरा घरं होती. दुसऱ्या कुणाच्या घरात बसवला असेल. मला वाटलं आपल्या." मग हसल्यासारखं केलं. "राजरत्नला सांग, येऊ नको म्हणावं. आणि ती पेटी... ती भंगारवाल्याला दिली तरी चालेल."

असं म्हणून ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. ज्या भिंतीत पाइप नव्हता तिच्याकडे नाही, दुसऱ्या भिंतीकडे.

रचनाने हातोडा खाली ठेवला. क्लास जाणार ते होतंच, पण हे काहीतरी त्याहून वाईट होतं. आजोबांना काल-परवाचं विसरायला होतं, त्याचं ते हसण्यावारी न्यायचे. वायरिंगचं ते कधीच विसरले नव्हते. आज त्यांनी तेही सोडून दिलं होतं, आणि ते तिच्या हातोड्याने झालं होतं.

मम्मीलाही बोलून गेल्याचं वाईट वाटलं असणार, कारण तिने आजोबांसाठी चहा टाकला आणि कापड उघडून बसली. पहिल्या दिवशी बायकांना काय शिकवायचं याचा सराव ती मोठ्याने करायची, भिंतीला शिकवत असल्यासारखा.

"तर बायांनो, पहिला नियम. माप ज्याचं त्याच्या अंगावरून घ्यायचं. आपल्या अंगावरून अंदाज करायचा नाही. आपला हात वेगळा, तिचा हात वेगळा. नाहीतर ब्लाउज शिवाल तिचा आणि बसेल तुम्हाला..."

रचना चहाचा कप घेऊन पलंगापाशी आली होती. आजोबांनी उठून हात पुढे केला. तिने कप दिला. आणि ती तशीच बघत राहिली. कपाकडे नाही, हाताकडे. तो हात! कपाभोवती बोटं गुंडाळून वर पुन्हा अंगठ्यावर आली होती. तिचा पंजा त्याच कपाला जेमतेम पुरायचा.

"मम्मी!!" ती अशी ओरडली की विमलाबाईंचा डोळा पुन्हा फटीत आला. "मम्मी, तू जीनियस आहेस! माप माझ्या अंगावरून घेतलं मी!"

"काय?"

"वीत! तीन वीत माझी घेतली! वीत तर आजोबांची होती!"

मग मम्मीने कपाळावर हात मारला, आणि बाहेरून विमलाबाई म्हणाल्या, "अगो बाई, खरंच की."

"आजोबा, उठा. चला. हात द्या तुमचा."

"माझा हात कशाला, तो थरथरतो."

"थरथरू द्या. मोजायचंय, सुईत दोरा नाही ओवायचाय."

ती त्यांना दाराशी घेऊन आली. आजोबांनी अंगठा चौकटीला लावला आणि पंजा भिंतीवर टेकवून ताणला. भिंतीवर टेकला तसा हात थांबला. थरथर गेली कुठे कोण जाणे. एक वीत. दोन. तीन. रेघ आधीच्या फुलीच्या कितीतरी पलीकडे गेली. मग जमिनीपासून वर, रचनाने वाकून त्यांचं मनगट धरलं आणि ती वीत वीत मोजत गेली. पाचवी वीत संपली तिथे नवी फुली.

रचनाने छिन्नीच्या दांड्याने ठोकून बघितलं. टक. टक. भरीव.

आजोबांचा चेहरा पुन्हा पडायच्या बेतात होता. रचना भिंतीला कान लावून उभीच. आणि मम्मी एकदम खाली बघायला लागली.

"मामंजी, तुम्ही मोजलं तेव्हा खाली काय होतं?"

"खाली? कोबा."

"मग ही लादी कधी बसवली? माझ्या लग्नात! तुमची जमीन तर लादीच्या खाली गेली."

"चार बोटं," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कोब्यावर माल, त्यावर लादी. चार बोटं सोड खाली. माझी चार, तुझी नाही."

त्यांनी स्वतः चार बोटं आडवी धरली. रचनाने त्यांच्या खाली दांडा ठोकला.

टक. टक. ढप्.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेरून विमलाबाईंनी विचारलं, "काय झालं? कुणीतरी बोला की!"

पण बोलणार कोण? रचना छिन्नी मारत होती. चौथ्या घावाला प्लास्टरची खपली पडली आणि आत लोखंडी गोल तोंड दिसलं, गोणपाटाचा बोळा कोंबलेलं. बोळा ओढला तसा त्यामागून धुळीत गुंडाळलेला तारेचा आकडा बाहेर आला. ओढतार. गंजून चॉकलेटी झालेली, पण अख्खी.

"बसवला होता," आजोबा म्हणाले. एवढंच म्हणाले. मग नाक ओढलं आणि लगेच उस्ताद झाले. "बघत काय बसलीस? ढकल तार पुढे. बाहेरचं प्लास्टर पातळ ठेवलंय, आतून धक्का दिला की फुटेल."

रचनाने तार ढकलली, फुटलं नाही. तिने मागून पडद्याची सळई घातली आणि सगळा जोर लावून ढकलली. बाहेर धप्प आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी.

"माझ्या कुरडया!!"

तिघंही मागच्या दाराने धावले. विमलाबाई बाजेपाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या नाकापासून एका हातावर भिंतीतून एक सळई आणि तिच्यासोबत गंजकी ओढतार बाहेर आली होती. प्लास्टरचं ढेकूळ बाजेच्या पायाशी पडलं होतं. कुरडया बचावल्या होत्या. एकच गेली, आणि तीही विमलाबाईंनी घाबरून स्वतःच चुरडली होती.

"सॉरी काकू, सॉरी, सॉरी!" रचना म्हणाली. "पण आता उभ्याच आहात तर ती तार धरा ना. सोडू नका हां!"

"मी?" विमलाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून त्यांनी तार धरली.

मग जे झालं ते बघायला रांगेतले आणखी तिघं-चौघं आले. आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडत राहिले. आत मम्मीने लाल, काळी आणि हिरवी, अशा तीन वायरी ओढतारेच्या आकड्याला बांधल्या. शिवणकाम करणारा हात तो, गाठ अशी पक्की की आजोबांनी दोनदा बघून मान हलवली. बाहेरून विमलाबाईंनी ओढलं. वायरी भिंतीतून सुळकन बाहेर आल्या, जणू तीस वर्षं तिथेच रांग लावून उभ्या होत्या. मग रचनाने शिडीवर चढून बाहेरच्या भिंतीवर पाइप क्लिपांनी ठोकला, शेडपर्यंत.

"तोंड खाली कर पाइपाचं," आजोबा खालून ओरडले. "आणि भिंतीत शिरायच्या आधी वायरीला जरा पोट सोड."

"पोट?"

"झोल! पाणी वायरीवरून येतं ते पोटाशी येऊन गळून पडतं. पोट नसलं की सरळ घरात येतं, राजरत्नसारखं, न सांगता."

"तो तर सांगून पण येत नाही," मम्मी म्हणाली.

पण त्या दिवशी आला. पाचला दहा कमी असताना. त्याने वायर बघितली, झोल बघितला, पाइपाचं तोंड खाली आहे ते बघितलं, हिरवी वायर अर्थिंगला पोचते का ते मीटर लावून तपासलं. भिंतीवरचं ताटाएवढं गोल बघून तो काही बोलणार होता, पण आजोबांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने फक्त जोडणी केली. शेडमध्ये बोर्ड, बोर्डाला छोटा ट्रिप स्विच.

"उस्ताद, हे क्लिपिंग कुणी केलं? एका रेषेत आहे."

"माझ्या माणसाने," आजोबा म्हणाले.

रचनाला शिडीवर असल्यासारखं वाटलं, आणि ती तर जमिनीवर होती.

मेन वर केला. शेडमधला पंखा फिरला. मम्मीने मशीनवर एक चिंधी घातली, पायाने दाबलं आणि मशीन घर्रर करून सरळ टीप मारत गेलं. मम्मीने ती चिंधी तोडून आजोबांच्या हातात दिली. का दिली ते तिलाही सांगता आलं नसतं. आजोबांनी ती घडी करून खिशात ठेवली.

मग खिडकी. काळी वायर निघाली, मम्मीने खिडकी ओढली. नाही लागली, तीन वर्षांत आ वासायचीच सवय झालेली. रचनाने खांदा लावला, राजरत्नकाकाने बाहेरून बुक्की मारली, आणि खिडकी कुरकुरत बंद झाली. घरात एकदम इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते चालू आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

रचना टेप घेऊन आली. "आता मी नीट सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवते भिंतीवर. परत घोळ नको."

"लिही," आजोबा म्हणाले. "पण आधी पाइपात नवी ओढतार सोड, वायरींच्या सोबत. काम झालं म्हणून तार काढून घ्यायची नाही. पुढे येईल त्याला लागते."

तिने नवी तार सोडली. मग सेंटिमीटर लिहिले, आणि तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटलं म्हणून तिने आजोबांचा हात धरून भिंतीवर ठेवला, पंजा ताणून, आणि पेन्सिलने त्याभोवती रेघ काढली. भिंतीवर टेकलेला हात याही वेळी हलला नाही. खाली तिने लिहिलं: 'ही वीत.'

"आणि उद्या क्लासला बायका येऊन विचारतील हे काय, तर?" मम्मीने विचारलं.

"सांग, पहिला नियम."

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झालं. बाहेर विमलाबाई, हातात तळलेल्या कुरडयांची वाटी, आणि कपाळाला आठ्या.

"अगं नीला, बंद केलीस होय! आता वाटी कुठून देऊ?"

"दारातून या ना विमलाताई!"

"दारातून? म्हणजे पार वळसा घालून?" विमलाबाई तिथेच थांबल्या. मग काचेला नाक लावून, आतल्या आजोबांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या, "कुंडलिककाका, आमच्या कूलरची वायर पण खिडकीतूनच जाते हो. आमच्या भिंतीत ठेवलाय का काही?"

आजोबांनी डोळे मिटले. रांगेतली अकरा घरं त्यांना मिटल्या डोळ्यांपुढे एकेक करून दिसत असावीत.

"तुझ्या नवऱ्याचं, सहदेवचं घर," ते म्हणाले. "तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं. चौकटीपासून चार वीत." मग डोळे उघडून त्यांनी रचनाकडे बघितलं. "पेटी आण गं. आणि त्यांना आधी विचार, लादी कधी बसवली."